संगणकाच्या कार्यप्रणाली आणि मराठी लेखन : नित्य वापराच्या दृष्टीने तुलना

संगणकाच्या कार्यप्रणालींची तुलना बहुधा वेग, किंमत, सुरक्षितता आणि पडद्यावरील मांडणीचा देखणेपणा या अंगांनी केली जाते. अशा तुलना प्रायः इंग्रजीत लिहिल्या जातात आणि इंग्रजी लिहिणाऱ्याच्याच गरजा त्यांत गृहीत धरलेल्या असतात. पत्र लिहिणे, हिशेब ठेवणे, छापणे ही कामे विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही प्रणालींवर आज जवळजवळ सारख्याच सुलभतेने होतात. मराठीत लिहिणाऱ्याच्या दृष्टीने खरा भेद पडतो तो निराळ्याच ठिकाणी. एकदा लिहिलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर तसाच वाचता येतो काय, आणि शोधला असता तो सापडतो काय, हा तो प्रश्न होय.

कळ दाबणे आणि अक्षर दिसणे यांच्या दरम्यान तीन क्रिया घडतात. कळफलकाची योजना त्या कळीचे रूपांतर एका संकेतांकात करते. तो संकेतांक फाइलीत साठविला जातो. आणि शेवटी आकृती रेखाटणारी यंत्रणा फॉन्टच्या साहाय्याने संकेतांकांच्या मालिकेतून अक्षर घडविते. इंग्रजीत एका कळीला एक संकेतांक आणि एका संकेतांकाला एक आकृती असा सरळ हिशेब आहे. देवनागरीत तो नाही.

उदाहरणादाखल एक ग्रामनाम घेता येईल. अहिल्यानगर जिल्ह्याच्या श्रीगोंदा तालुक्यातील काष्टी हे गाव जनावरांच्या आठवडी बाजारासाठी प्रसिद्ध आहे. हे नाव डोळ्याला दोन अक्षरांचे दिसते. युनिकोडमध्ये मात्र ते सहा संकेतांकांचे आहे : क, काना, ष, हलन्तचिन्ह, ट आणि दीर्घ ईकार. बाणाची कळ संपूर्ण ‘ष्टी’ एका उडीत ओलांडते. पण मागे खोडण्याची कळ प्रायः एकेक संकेतांक पुसते, म्हणजे प्रथम ईकार, मग ट, मग हलन्तचिन्ह. नवशिक्याला हे वर्तन विक्षिप्त वाटते. वस्तुतः ते सोयीचे आहे, कारण चुकलेल्या वेलांटीसाठी सारे जोडाक्षर पुन्हा लिहावे लागत नाही.

भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये स्वीकारलेली इनस्क्रिप्ट ही कळयोजना या तिन्ही प्रणालींत मुळातच अंतर्भूत आहे. स्वर व मात्रा डाव्या हाताखाली, व्यंजने उजव्या हाताखाली, ही तिची रचना. तिच्यावर ‘काष्टी’ लिहिण्यास सहा संकेतांकांसाठी सहाच अक्षरकळा लागतात. रोमन अक्षरांतून उच्चारानुसार लिहिण्याची पद्धत शिकण्यास सोपी खरी. परंतु तिची साधने प्रत्येक प्रणालीत भिन्न आहेत आणि त्यांतील कित्येक साधने लेखकाच्या वतीने अनुमान करतात. सैल रोमन लेखनात या एकाच नावातून काष्टी, कष्टी, काश्ती आणि कश्ती असे चार शब्द संभवतात. गाव, दुःखी मनुष्य आणि हिंदीतील नाव यांपैकी इष्ट कोणते हे यंत्राने ठरवावे, ही व्यवस्था खाजगी पत्राला पुरेशी असली तरी जमिनीच्या नोंदीला पुरेशी नव्हे. इनस्क्रिप्ट आठवडा-पंधरवड्याचे कष्ट मागते. त्या मोबदल्यात प्रणाली बदलली तरी हाताला नवे काही शिकावे लागत नाही. विद्यापीठांतून तिची जी उपेक्षा होते ती समर्थनीय नाही.

संकेतांकांच्या बाबतीत मराठीने बराच काळ अराजक भोगले. भारतीय लिपींसाठी इस्की हा संकेत १९८८ मध्ये सिद्ध झाला, १९९१ मध्ये तो भारतीय मानक झाला, आणि १९८८ च्या रूपावरच युनिकोडमधील देवनागरीचा विभाग आधारलेला आहे. तथापि विंडोजच्या त्या काळच्या आवृत्त्यांना देवनागरी जोडाक्षरे घडविता येत नसल्यामुळे व्यवहारात निराळीच युक्ती रूढ झाली. रोमन अक्षरांच्या स्थानी देवनागरी आकृतींचे तुकडे बसविलेले फॉन्ट तयार झाले, आणि प्रत्येक निर्मात्याची मांडणी स्वतंत्र राहिली. असा फॉन्ट नसलेल्या यंत्रावर मराठी मजकूर निरर्थक रोमन चिन्हांच्या रूपात प्रकट होतो. त्या वर्षांत टंकलिखित झालेले किती प्रबंध आज केवळ कागदावर वाचनीय उरले असतील, याचा विचार ग्रंथपालांनी करण्याजोगा आहे.

विंडोज २००० पासून देवनागरीचा खरा आधार मिळू लागला. पुढे विंडोज एक्स-पी (२००१) मध्येही जटिल लिपींच्या फायली वेगळ्या बसवाव्या लागत व त्यासाठी मूळ तबकडी मागितली जाई. बाजाराच्या गावी घेतलेल्या यंत्राबरोबर ती तबकडी हाताशी असेलच असे नसे. आणि मग जुना फॉन्टच सोयीचा वाटे. व्हिस्टापासून ही अडचण संपली. लिनक्सच्या पक्षात रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली खुले केलेले लोहित फॉन्ट आणि सी-डॅकने २००७ मध्ये प्रसृत केलेली बॉस ही प्रणाली यांचा उल्लेख केला पाहिजे. मोबाइलवरील अँड्रॉइडच्या प्रारंभीच्या आवृत्त्यांत जोडाक्षरे तुटून दिसत; २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत आज्ञा व सूचनांसाठी मराठी भाषा उपलब्ध झाली. बाजारात आलेल्या शेतकऱ्याच्या हाती जी कार्यप्रणाली बहुधा असते ती हीच, हे तुलना करणारे विसरतात.

युनिकोड आल्यावर सर्व प्रश्न मिटले असा समज आहे. तो खरा नाही, आणि याचे प्रमाण ‘शेतकऱ्यांना’ किंवा ‘व्यापाऱ्याने’ या नित्याच्या शब्दांतच सापडते. यांतील ‘ऱ्य’ हे मराठीचे खास जोडाक्षर होय. ते तीन प्रकारे साठविले जाऊ शकते : ‘ऱ’ या स्वतंत्र संकेतांकापुढे हलन्तचिन्ह आणि य, किंवा साधा र, त्याखाली नुक्ता, मग हलन्तचिन्ह आणि य, किंवा साधा र, हलन्तचिन्ह, एक अदृश्य जोडचिन्ह आणि य. पडद्यावर तिन्ही रूपे एकसारखी दिसतात. पहिली दोन युनिकोडच्या नियमानुसार समतुल्य मानली जातात, तिसरे मानले जात नाही. परिणामी एका पद्धतीने लिहिलेला ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला असता, संकेतांकांची अक्षरशः तुलना करणाऱ्या शोधाला तो सापडत नाही. यादीत नाव नाही असा निष्कर्ष काढला जातो. नाव तर तेथेच असते.

येथेच कार्यप्रणालींच्या स्वभावातील भेद उघड होतो. मॅकच्या २०१७ पूर्वीच्या फाइलव्यवस्थेत फाइलीच्या नावातील ‘ऱ’ आपोआप र आणि नुक्ता असा विघटित होऊन साठविला जाई. लिनक्सवरील रूढ फाइलव्यवस्था आणि विंडोजची फाइलव्यवस्था नावाच्या संकेतांकांत असा हस्तक्षेप करीत नाहीत. दिले तसे ठेवतात. यामुळे मॅकवरून लिनक्सवर आणलेली ‘शेतकऱ्यांची यादी’ आणि तेथेच नव्याने लिहिलेली ‘शेतकऱ्यांची यादी’ या एकाच नावाच्या दोन फायली शेजारीशेजारी नांदू शकतात. २०१७ मध्ये मॅकने नवी फाइलव्यवस्था स्वीकारली. तीत दिलेले रूप राखले जाते, परंतु तुलनेच्या वेळी समतुल्य रूपे एकच धरली जातात. मराठीच्या दृष्टीने हीच व्यवस्था सर्वांत शहाणपणाची म्हणावी लागेल. ‘ॲ’ची कथाही काहीशी अशीच आहे, त्याला स्वतंत्र संकेतांक २००८ मध्ये मिळाला, आणि तत्पूर्वीच्या लेखनात ‘अ’वर चंद्र जोडलेला आढळतो.

‘ल’ आणि ‘श’ यांच्या मराठी वळणाचा प्रश्न मात्र फॉन्टचा आहे, कार्यप्रणालीचा नव्हे. २००९ व २०२२ च्या शासननिर्णयांनी देठयुक्त श आणि पाकळीयुक्त ल मान्य केले. संकेतांक तेच राहतात, केवळ आकृती बदलते, म्हणून शोधाला त्याची बाधा होत नाही.

विंडोजच्या दहाव्या आवृत्तीची सर्वसाधारण देखभाल ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबली, आणि अनेक जुनी यंत्रे अकराव्या आवृत्तीच्या अटी पूर्ण करीत नाहीत. अशा यंत्रांवर लिनक्स बसविणे लेखनाच्या दृष्टीने निर्धोक आहे. अडचण येते ती छपाईयंत्रे, अंगठ्याचा ठसा घेणारी उपकरणे आणि अंकीय स्वाक्षरीची साधने यांची. कारण त्यांना चालविणारे कार्यक्रम पुष्कळदा प्रथम विंडोजसाठी लिहिले जातात. म्हणून सेवाकेंद्राच्या मेजावर विंडोज टिकून राहील आणि अभ्यासकाच्या मेजावर लिनक्स येऊ शकेल. या स्थलांतरापूर्वी दोन कामे करून घेणे इष्ट आहे : जुन्या फॉन्टमधील मजकूर, तो फॉन्ट ज्या यंत्रावर अद्याप चालतो त्याच यंत्रावर ताडून पाहून, युनिकोडमध्ये आणणे, आणि ‘ऱ्य’ची तिन्ही रूपे शोधून सर्वत्र पहिले रूप योजणे. दुसरे काम एका दुपारचे आहे. पहिल्याला, प्रबंधाच्या आकारानुसार, काही आठवडे लागतात.