चमचाभर समुद्राची शिरगणती

गिरगाव आणि दादर चौपाटीच्या पाण्याचे नमुने महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ नियमितपणे तपासते. त्या अहवालात ‘फीकल कॉलिफॉर्म’ नावाचा एक रकाना असतो. माणसांच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहणाऱ्या जिवाणूंचा हा गट. समुद्र हे त्यांचे घर नव्हे, त्यामुळे ते पाण्यात सापडले की मैलापाणी मिसळले आहे, हे उघड होते. अंघोळीच्या समुद्रासाठी भारतीय मानकाची मर्यादा 100 मिलिलिटरमागे 100 अशी आहे.

पण डोळ्यांना न दिसणारे हे जीव मोजायचे कसे? त्यांचे उद्योग पाहून. निर्जंतुक बाटली पृष्ठभागाखाली बुडवून पाणी भरतात आणि बर्फात ठेवून प्रयोगशाळेत आणतात. तिथे लॅक्टोज असलेल्या पोषक द्रवाच्या पंधरा नळ्या मांडलेल्या असतात. पाच नळ्यांत 10 मिलिलिटर नमुना, पाचांत 1 आणि उरलेल्या पाचांत 0.1. प्रत्येक नळीत एक चिमुकली नळी पालथी घातलेली असते. हर्बर्ट डरहॅम यांची ही 1898 ची युक्ती. नळ्या उबवणपेटीत ठेवल्या की कॉलिफॉर्म लॅक्टोज आंबवतात, द्रवाचा जांभळा रंग पिवळा पडतो आणि पालथ्या नळीत वायूचा बुडबुडा अडकतो. बुडबुडा धरणाऱ्या नळ्यांतले जिवाणू मग 44.5 अंश सेल्सिअसवर वाढवून पाहतात. आतड्यातले जिवाणू ही उष्णता सोसतात, इतर बहुतेक हरतात. किती नळ्यांनी साक्ष दिली, यावरून संभाव्यतेच्या कोष्टकात आकडा पाहायचा. पंधराच्या पंधरा नळ्या उमटल्या, तर 100 मिलिलिटरमागे 1600 किंवा त्याहून अधिक, एवढेच सांगता येते. नेमकी संख्या हवी असेल तर पाणी पातळ करून पुन्हा मांडणी करायची. म्हणजे अहवालातला आकडा ही मोजदाद नसून संभाव्यतेवर बेतलेला ढोबळ अंदाज असतो. अहवाल वाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या हे लक्षात येते.

हे झाले पाहुणे. समुद्राच्या स्वतःच्या जिवाणूंची कथा निराळी आहे. एका मिलिलिटर समुद्रात ते साधारण 10 लाखांच्या घरात असतात. चहाच्या एका चमच्यात 50 लाख! हा हिशेब फार उशिरा लागला. रॉबर्ट कॉख यांनी 1880 च्या दशकात बसवलेल्या रीतीप्रमाणे पाणी पोषक थरावर पसरून उगवलेले ठिपके मोजले जात. पण समुद्रातल्या शंभर जिवाणूंपैकी जेमतेम एखादा ताटलीवर वाढायला तयार होतो. 1977 मध्ये काळ्या रंगवलेल्या अतिसूक्ष्म गाळणीवर पाणी गाळून, चमकणारा रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली थेट मोजणी करण्याची पद्धत रूढ झाली, आणि आधीचे आकडे किती तोकडे होते ते कळले.

तरीही संख्या म्हणजे वाढ नव्हे. दादरच्या पुलावर कधीही पाहा, गर्दी तेवढीच दिसते. पण तासाभरात माणसे किती बदलली, हे त्या गर्दीवरून कळत नाही. समुद्रात तसेच घडते. जिवाणू दुभंगत राहतात, तितक्याच वेगाने एकपेशीय भक्षक त्यांना खातात, विषाणू त्यांना फोडतात, आणि आकडा जागचा हलत नाही. मग वाढ मोजण्यासाठी जेड फुरमन आणि मूळचे पाकिस्तानातले फारूक आझम यांनी 1980 च्या सुमारास सुंदर मार्ग काढला. दुभंगण्यापूर्वी पेशीला नवा डीएनए बनवावा लागतो आणि त्यासाठी थायमिडीन लागते. पाण्यात किंचित किरणोत्सारी थायमिडीन घालायचे, थोड्या वेळाने जिवाणू गाळायचे आणि त्यांनी किती गिळले ते मोजायचे. आजही ही पद्धत, आणि प्रथिनांसाठी लागणाऱ्या ल्युसीनवर बेतलेली तिची बहीण, समुद्रापासून तलावापर्यंत सर्वत्र वापरली जाते.

जिवाणूंची वाढ नुसत्या डोळ्यांना दिसावी अशी एक देखणी युक्ती खुद्द मुंबईत वापरली गेली. प्लेगची लस बनवताना वाल्डेमार हाफकीन पोषक द्रवावर तुपाचे थेंब तरंगवत. त्या थेंबांखाली जिवाणूंच्या झुरमुळ्या लोंबू लागत. 1899 पासून हे काम परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये चाले. आज तिथे हाफकीन संस्था आहे.

जिवाणूंच्या वाढीचा परिणाम पाहायचा, तर आता वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव. पितृपक्षात इथे पिंड, भात, फुले पाण्यात सोडतात, आणि सर्वपित्रीच्या सुमारास मेलेले मासे तरंगल्याच्या बातम्या अनेक वर्षी आल्या आहेत. माशांना कोणी विष घातलेले नसते. या अन्नावर जिवाणू झपाट्याने वाढतात आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवतात. 27 अंशांच्या गोड्या पाण्यात तो लिटरमागे जेमतेम 8 मिलिग्रॅम मावतो; माशांसाठी भारतीय निकष किमान 4 चा. रात्री शेवाळ प्राणवायू बनवत नाही, म्हणून पहाटेची वेळ सर्वांत घातक.

जिवाणूंचे हे प्राणवायू वापरणे, म्हणजे त्यांचे श्वसन, मोजणे ही त्यांच्या कामाची एक जुनी आणि स्वस्त मोजणी. बाटली काठोकाठ भरून, हवा न ठेवता अंधारात ठेवायची आणि आधीचा व नंतरचा प्राणवायू यांतला फरक काढायचा. हीच ती बीओडी, म्हणजे जैवरासायनिक प्राणवायू मागणीची चाचणी. ब्रिटनच्या मैलापाण्यावरील शाही आयोगाने 1912 मध्ये तिला पाच दिवसांची मुदत दिली. तिथल्या नद्या तेवढ्या वेळात समुद्राला मिळतात म्हणून, असे सांगतात. आपल्याकडे पाणी कोमट आणि जिवाणू चपळ, म्हणून भारतीय मानकात ती 27 अंशांवर तीन दिवसांत उरकते.

पितरांचा भात तलावात न सोडता काठावरच्या कावळ्यांना किंवा गाईला घातला, तरी श्राद्धात काही उणे पडत नाही. आणि मुलांना घेऊन चौपाटीवर जाणार असाल, तर मंडळाच्या संकेतस्थळावर तो रकाना आधी पाहा: आकडा 100 च्या वर असेल, तर भेळ खा, वाळूत खेळा, पण पाण्यात उतरू नका.