नोकरी सांभाळून नर्सिंगची पदवी : आधी मान्यता तपासा!

आपल्या वस्त्यांमधील कितीतरी मुलींनी बारावीनंतर जी.एन.एम. केले, रुग्णालयात नोकरी धरली आणि घर उभे केले. दहा-बारा वर्षांच्या सेवेनंतर त्यांच्यापुढे प्रश्न येतो, आता पुढे काय? वरच्या जागेसाठी पदवी लागते, कॉलेजात शिकवायला एम.एस्सी. लागते. नोकरी सोडावी तर घरभाडे आणि मुलांची फी कोण भरणार? नेमकी अशा वेळी मोबाईलवर जाहिरात येते, 'घरबसल्या ऑनलाइन एम.एस्सी. नर्सिंग!' भगिनींनो, पैसे भरण्यापूर्वी थांबा.

दूरशिक्षण आणि ऑनलाइन शिक्षणाबाबतच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांनी नर्सिंग हा विषय अशा पद्धतीने शिकवण्यास मनाई केली आहे. इग्नूची पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग हा परिचित अपवाद. पण ती नोंदणीकृत, सेवेचा अनुभव असलेल्या परिचारिकांसाठी आहे आणि तिच्यातही प्रात्यक्षिक चुकत नाही. अमान्य पदवीचे काय होते, हे अभियंत्यांनी भोगले आहे. काही अभिमत विद्यापीठांनी परवानगीविना दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांवर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गदा आणली. त्या पदव्यांवर बढती घेतलेले लोक एका निकालाने उघड्यावर आले. फसवले संस्थेने, किंमत मोजली नोकरदाराने.

कोणी म्हणेल, अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनरचे शिक्षण ऑनलाइन मिळतेच ना? मिळते, पण अर्धेच. १९६५ मध्ये कोलोराडो विद्यापीठात हे शिक्षण सुरू झाले. आज तिथे व्याख्याने ऑनलाइन होतात, रुग्णसेवेचे तास मात्र रुग्णालयात किंवा दवाखान्यात मार्गदर्शकाच्या देखरेखीखालीच भरावे लागतात. २०२२ च्या राष्ट्रीय मानकांनी हे तास किमान ७५० केले. तिथेही शहाणी परिचारिका आधी विचारते, मार्गदर्शक कॉलेज देणार की मीच शोधायचा? पडद्यावर औषधशास्त्र शिकता येते, पण व्हेंटिलेटरवरचा रुग्ण सांभाळायला खाटेजवळच उभे राहावे लागते.

आपल्याकडेही मार्ग आहे. बी.एस्सी. झालेल्या आणि अनुभव असलेल्या परिचारिकेसाठी भारतीय परिचर्या परिषदेने 'नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर' हा दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम आखला आहे. त्याचा मुख्य भर अतिदक्षता विभागातील प्रत्यक्ष कामावर आहे. विशेष म्हणजे, सेवेत असलेल्या उमेदवाराला नियमित वेतन मिळावे, अशी तरतूद त्यात आहे. हे किती जणींना ठाऊक आहे?

म्हणून प्रवेशापूर्वी चार गोष्टी लेखी घ्या. परिषदेची मान्यता याच अभ्यासक्रमाला आणि याच वर्षासाठी आहे का? महाराष्ट्रातील कॉलेज असल्यास नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी ते संलग्न आहे का? वाढीव पात्रतेची नोंद महाराष्ट्र परिचर्या परिषद करील का? प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात, किती खाटांच्या विभागात होईल? उत्तर तोंडी मिळाले तर ते मिळाले नाही असे समजा. मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही हवाली करू नका. जात वैधता प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा.

पण सगळा भार एकट्या परिचारिकेवर का? सरकारी सेवकांसाठी १९८१ च्या रजा नियमांत अध्ययन रजेची सोय आहे. ती मंजूर करणे वरिष्ठांच्या हाती असते आणि 'स्टाफ कमी आहे' हे उत्तर तयार असते. अर्ज लेखी करा, नकारही लेखी मागा. कर्मचारी संघटनांनी हा प्रश्न हाती घ्यावा.

बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. कामगाराच्या सोयीसाठी वेळ बदलली, शिक्षणाचा कस कमी केला नाही. आज आपली मागणीही तीच असली पाहिजे. आमच्या परिचारिकांना स्वस्तातला कागद नको, पगारी रजा आणि मान्यताप्राप्त पदवी हवी.