घरच्या शुश्रूषेची पारख

पक्षाघाताच्या रुग्णाला घरी सोडलं की पुण्या-मुंबईत पहिला फोन जातो तो ‘ब्युरो’ला. मावशी बारा तासांची हवी की चोवीस तासांची, दर किती, एवढं बोलणं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक अनोळखी बाई दारात उभी राहते. घरचे तिचं आधार कार्ड पाहतात, पोलिस व्हेरिफिकेशन झालंय का विचारतात. धास्ती चोरीची असते. राईल्स ट्यूबमधून भरवता येतं का, हे सहसा कुणी विचारत नाही.

खरं तर आधी विचारायचं ते हेच. नाकातून पोटात सोडलेली नळी जागेवर आहे ना, हे न पाहता किंवा रुग्णाला आडवं ठेवून पेज दिली, तर ती फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. भरवताना डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश उंच हवी आणि भरवून झाल्यावरही निदान अर्धा तास तशीच ठेवायला हवी. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या खाली टांगलेली हवी, पण ती जमिनीला टेकता कामा नये. माकडहाड, खुबे आणि टाचा रोज उजेडात पाहायच्या. तिथली लाली बोटाने दाबूनही जात नसेल, तर ती बेडसोअरची सुरुवात.

इन्शुलिनची चूक तर जिवावर बेतू शकते. भारतात कुपीतलं इन्शुलिन दोन तीव्रतांत मिळतं, एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट किंवा 100 युनिट. लाल टोपणाची सिरिंज 40 साठी, केशरी टोपणाची 100 साठी. 100 च्या कुपीतलं औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये दहाच्या रेघेपर्यंत ओढलं, तर अंगात 25 युनिट जातात, म्हणजे अडीचपट. अशी कामं नोंदणीकृत परिचारिकेची. ब्युरोने ‘सिस्टर’ म्हणून कुणाला पाठवलं, तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक मागावा. त्यात कुणाचा अपमान नाही.

कायद्याचा आधार मात्र तोकडा आहे. सोसायटीला वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीला 2005 च्या कायद्याने परवाना लागतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाजवळ कुणाला तरी पाठवणाऱ्या ब्युरोसाठी तसा देशव्यापी परवाना नाही. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात दुरुस्ती करून घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवावा, असं विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. ते संमत झालंच नाही. इंग्लंडमध्ये घरी वैयक्तिक शुश्रूषा देणाऱ्या संस्थांना ‘केअर क्वालिटी कमिशन’कडे नोंदणी करावी लागते आणि तपासणीचे अहवाल कुणालाही वाचता येतात. आपल्याकडे शेजाऱ्यांनी सांगितलेलं नाव हाच काय तो दाखला.

आणि त्या मावशींचं काय? चोवीस तासांची ड्यूटी घरच्यांना परवडते, पण दिवसभर उचलणारी, पुसणारी, भरवणारी बाई रात्रीही दर दोन तासांनी कूस बदलायला उठत असेल, तर तिने झोपायचं कधी? ग्लानीत असलेल्या हातातून औषध चुकतं, रुग्ण निसटून पडतो. भारी शरीराच्या रुग्णाला तिने एकटीने उचलावं, ही अपेक्षाच धोक्याची आहे. दिलेल्या पैशातून ब्युरोचं कमिशन किती आणि तिच्या हातात किती पडतं, हेही घरच्यांनी विचारावं. ज्या घरात तिला वेळेवर जेवण आणि झोप मिळत नाही, त्या घरातला रुग्ण सुरक्षित नाही.

तेव्हा पहिल्या दिवशी घरातल्या एकाने रजा काढावी आणि सगळी कामं समोर करून घ्यावीत. उशाशी एक वही ठेवावी: किती मिली दिलं, लघवी किती झाली, कूस कधी बदलली, त्वचा कशी आहे. मावशी सुट्टीवर गेल्या की बदलीवर येणारीला त्या वहीतूनच सारं कळतं. मारहाण किंवा हेळसांडीची शंका आली, तर ज्येष्ठांसाठी 14567 ही हेल्पलाइन आहे. आणि ब्युरोकडून पावती व कामाचं स्वरूप लेखी घ्याच. तोंडी व्यवहार केला, तर ग्राहक आयोगापुढे दाखवायला हातात काहीच उरत नाही.