मोजलं तरच मागता येतं

कोळवण खोऱ्यात भातलावणी सुरू झाली की आम्हा बचत गटाच्या बायकांपुढं एकच प्रश्न असतो, लहान मुलं ठेवायची कुठं? बांधावर चिखल, पाऊस, विंचूकाटा. म्हणून आमच्या गटानं पाळी लावली. रोज दोघींनी खाचरात न जाता सगळ्यांची मुलं सांभाळायची, पैसे कुणी घ्यायचे नाहीत. सावड आणि इर्जिक आपल्याकडं जुनीच. शहरात यालाच स्वयंसेवा म्हणतात.

गेल्या पावसाळ्यात त्या खोलीचं छत गळायला लागलं. मदत मागायला आम्ही तिघी एका कंपनीत गेलो. तिथल्या साहेबांनी तीनच गोष्टी विचारल्या. मुलं किती? खर्च किती? संस्था नोंदणीकृत आहे का? आम्ही म्हणालो, "मुलं पुष्कळ आहेत." पुढच्या दोन्हींना उत्तरच नव्हतं. रिकाम्या हातानं परत आलो. आज त्या तीन प्रश्नांविषयीच बोलूया.

आधी नोंदणीचं. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान २ टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात. त्यालाच सीएसआर म्हणतात. पण हा पैसा बाहेरच्या संस्थेमार्फत खर्च करायचा, तर ती साधारणपणे नोंदणीकृत न्यास किंवा सोसायटी लागते. तिच्याकडं आयकराची १२ए आणि ८०जी नोंदणी हवी, तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा, आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ अर्ज भरून मिळालेला क्रमांकही हवा. आपला बचत गट यात बसत नाही. तेव्हा साहेबांवर रागवून उपयोग नव्हता. आपल्या भागात काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेला सोबत घेणं, हा एक रस्ता.

दुसरा रस्ता गावातच आहे. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नाचे १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ग्रामसभेआधी महिलांची सभा होते. तिथं मागणी मांडायची, ठरावात लिहून घ्यायची आणि गावच्या विकास आराखड्यात आली का ते पाहायचं.

दोन्ही रस्त्यांवर आकडे लागतातच. आम्ही शंभर पानी वही घेतली. तारीख, मुलांची संख्या, कोण सांभाळायला होतं, किती तास, खाऊचा खर्च, एवढेच रकाने. दोघी रोज सहा तास, असे वीस दिवस धरले तरी २४० तास होतात. आठ तासांचा दिवस धरला तर तीस दिवसांची मजुरी! एवढं आपण गावाला देत होतो आणि आपल्यालाच त्याचा पत्ता नव्हता.

सरकारनंही हे मोजलं आहे. २०१९ च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणात घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात, पुरुषाची ९७, असं दिसलं. बायका हे कधीपासून सांगत होत्या. मोजल्यावर ते कागदावर आलं.

पुण्यात कोथरूडच्या शेजारी कर्वेनगर आहे, तेच जुनं हिंगणे. तिथल्या विधवाश्रमासाठी पार्वतीबाई आठवले गावोगाव फिरून वर्गणी गोळा करत. १९१८ साली त्या अमेरिकेलाही गेल्या. महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाखांची देणगी दिली. पण त्याआधी वर्षानुवर्षं लोकांच्या लहान लहान वर्गण्यांवर ते काम उभं राहिलं होतं. काम आणि हिशेब दिसला, की देणाऱ्याचा हात सैल होतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये तर १८५३ पासून धर्मादाय आयोग आहे, आणि नोंदणीकृत संस्थेचा जमाखर्च तिथं कुणालाही पाहता येतो. आपल्याकडं १९५० च्या कायद्याखाली न्यासांना धर्मादाय आयुक्तांकडं हिशेब द्यावा लागतो.

आपल्या गटाच्या पंचसूत्रीतही नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड यांबरोबर नियमित लेखे आहेतच. त्याच हातानं सेवेचे तासही लिहा.

आमचं छत अजून गळतंय. पण यंदा महिला सभेत वही घेऊन जाणार आहोत. "मुलं किती?" असं कुणी विचारलं, तर "पुष्कळ" म्हणणार नाही. आकडा सांगू.