प्रवाळटाकीची क्षारता : मोजमाप अचूक हवे

घरातील काचेच्या टाकीत प्रवाळ जगवायचे, तर पाण्याची क्षारता समुद्राइतकीच, म्हणजे दर किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार, राखावी लागते. २५ अंश सेल्सिअसला अशा पाण्याचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६ भरते. बाष्पीभवनाने पाणी उडते, क्षार मात्र मागे राहतात आणि क्षारता नकळत वाढते. म्हणून घटलेल्या पाण्याची भर शुद्ध गोड्या पाण्यानेच घालावी.

मोजमापाची साधने मात्र फसवी असतात. हायड्रोमीटरच्या काट्याला हवेचे बुडबुडे चिकटले, की तो वर उचलला जातो व आकडा फुगतो. रिफ्रॅक्टोमीटर अर्थात अपवर्तनमापक अधिक भरवशाचा. पण शुद्ध पाण्यावर शून्य दाखवणारे यंत्र ३५ वर चुकू शकते. शिवाय अनेकांची मोजपट्टी साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेली असते. त्यामुळे ते ३५ क्षारतेच्या प्रमाणित द्रावणाने जुळवावे. ३६.५ ग्रॅम शुद्ध, कोरडे मीठ ९६३.५ ग्रॅम ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवल्यास समुद्राच्या पाण्याइतकेच अपवर्तन मिळते.

क्षारतेत तफावत आढळल्यास ती काही दिवसांत, सावकाश दुरुस्त करावी. अचानक झालेला बदल प्रवाळांना सोसत नाही.