पॉइंटच्या काळापासून पॅनिअरच्या काळापर्यंत

१९९० च्या दशकात नागपूरहून पचमढीला मोटारसायकलने निघणारा माणूस सोबत काय घ्यायचा, ते पाहिलं की त्या काळच्या गाड्या कशा होत्या ते लगेच कळतं. एक जास्तीचा प्लग, क्लचची आणि अ‍ॅक्सिलरेटरची केबल, चेनलॉक, इग्निशनच्या पॉइंटचा सेट, पंक्चरचं सोल्युशन, दोन टॉम्या आणि हवा भरायचा पंप. राजदूत असो, येझदी असो की बुलेट, सावनेर आणि सौंसर ओलांडून सिलेवानीचा घाट चढेपर्यंत यातलं काहीतरी लागणार, हे गृहीतच धरलेलं असायचं. कपडे रेग्झिनच्या पिशवीत, पिशवी मागच्या सीटवर, आणि ती सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी करकचून बांधलेली. अ‍ॅक्सेसरी म्हणाल तर लेगगार्ड आणि मागचं कॅरिअर, बस्स.

आज त्याच रस्त्याला लागलेल्या गाडीवर दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या, म्हणजे पॅनिअर, असतात, मागे टॉप बॉक्स, पुढे एलईडी लाइटची जोडी, हँडलवर मोबाइलचा स्टँड. मधल्या पस्तीस वर्षांत गाडी खूप सुधारली. देखभाल मात्र चालवणाऱ्याच्या हातून हळूहळू सुटत गेली, आणि त्या जागी खरेदी आली. या बदलातलं काय टिकवावं आणि काय सोडावं, ते आपल्या नागपूरच्या उन्हाच्या आणि रस्त्यांच्या हिशेबाने पाहायला हवं.

जुन्या कास्ट आयर्न बुलेटचं टॅपेट सेट करणं ज्यांनी पाहिलं असेल, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणून मिस्त्री गाडी आदल्या रात्रीच ठेवून घ्यायचा. सकाळी बाजूचं झाकण काढून पिस्टन वर आणायचा, लॉकनट ढिला करायचा आणि पुशरॉड दोन बोटांच्या चिमटीत धरून फिरवून पाहायचा. रॉड अलगद फिरला पाहिजे, पण वरखाली जरासुद्धा हलता कामा नये. मग नट आवळताना रॉड पुन्हा घट्ट व्हायचा, की परत पहिल्यापासून. टॅपेट आवळलेलं राहिलं तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि गाडीची ताकद जाते, ढिलं राहिलं तर टकटक आवाज. शेजारी उकिडवं बसून हे पाहणाऱ्याला आपल्या गाडीचा आवाज ओळखता यायला लागायचा, आणि दौऱ्यावर तोच कान कामी यायचा.

यामाहा आरएक्स १०० वाल्यांचं वेगळं. टू स्ट्रोक गाडी, त्यामुळे टूटी ऑइलची टाकी भरलेली ठेवायची, प्लग काजळला की पुसायचा आणि सायलेन्सरची आतली नळी काढून कार्बन झाडायचा. लांब उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून गाडी सोडली की पेट्रोलसोबत ऑइलही कमी जातं, हे तामियाकडून उतरणाऱ्या पोरांना जाणते लोक आवर्जून सांगायचे. आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं. त्याच वर्षी येझदी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखानाही बंद पडला.

पुढचा टप्पा भराभर गेला. २००१ मध्ये पल्सर आली, २००३ मध्ये करिझ्मा, आणि रोज ऑफिसला नेण्याच्या गाडीवर चारशे किलोमीटर जाता येतं असा भरवसा वाटू लागला. २००९ च्या क्लासिकने बुलेटच्या चाहत्यांचं सगळं जगच बदललं. नव्या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट होते, पॉइंट नव्हतेच, बटण दाबलं की गाडी सुरू. २०१६ मध्ये ४११ सीसीची हिमालयन आली. सामान बांधायच्या जागा या गाडीला कारखान्यातूनच होत्या, टाकी १५ लिटरची होती. अ‍ॅक्सेसरीच्या बाजाराला खरा जोर आला तो इथून. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या प्रत्येक नव्या गाडीला एबीएस सक्तीचं झालं, आणि एप्रिल २०२० च्या बीएस ६ नियमांनंतर दौऱ्याच्या जवळपास सगळ्या गाड्यांतून कार्बुरेटर गेला. रस्त्याच्या कडेला बसून दुरुस्त करता येईल असं इंजिनात फारसं काही उरलं नाही.

म्हणूनच उरलेल्या तीन गोष्टींकडे जास्त लक्ष हवं: टायर, चेन आणि ब्रेक. होतं मात्र उलटं. पेट्या नव्या असतात आणि त्या ओढणारं स्प्रॉकेट दात झिजून आकड्यासारखं वाकलेलं असतं. माझ्या ओळखीचे एक मिस्त्री टूरची गाडी आली की पेट्यांकडे पाहतच नाहीत. मागच्या स्प्रॉकेटवरची चेन दोन बोटांनी मागे ओढतात. ती दातापासून सुटून वर आली, की त्यांचं एकच वाक्य, “भाऊ, सामान उतरवा आधी, चेनसेट टाकावा लागते.”

चेनला दर पाचशे किलोमीटरला तेल, आणि पावसात भिजली तर त्याच संध्याकाळी. आपल्याकडच्या काळ्या मातीचा चिखल चेनवर वाळला की तेल सगळं शोषून घेतो, त्यामुळे पावसाळ्यात आतल्या रस्त्यांनी फिरणाऱ्यांनी पाचशेचीही वाट पाहू नये. धुवायला रॉकेल किंवा चेन क्लीनर आणि मऊ ब्रश वापरावा. तारेचा ब्रश आणि पेट्रोल वापरलं की चेनमधल्या रबरी रिंगा खराब होतात आणि आतलं ग्रीस निघून जातं.

टायरचा विषय नागपूरकरांसाठी वेगळा मांडायला हवा. मे २०१३ मध्ये इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि ४५ च्या आसपास तर दर उन्हाळ्याचंच. अशा उन्हात पत्र्याच्या शेडखाली उभ्या गाडीचा टायर न झिजताही म्हातारा होतो. नक्षी शाबूत दिसते, पण रबर कडक होतं आणि कडेला बारीक भेगा पडतात. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. पाच-सहा वर्षांचा टायर घेऊन लांबच्या दौऱ्यावर जाऊ नये, भले तो फक्त आठ हजार किलोमीटर चालला असो. हवा पहाटे, गाडी थंड असताना भरावी. दुपारी गरम टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो म्हणून हवा काढून टाकण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे आणि ती चुकीची आहे. कंपनीने दिलेला आकडा थंड टायरचाच असतो. गरम असताना हवा कमी केली की टायर जास्त दबतो आणि आणखी तापतो.

उन्हाचा दुसरा फटका इंजिनाला. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला वारा लागतो तो चालताना, व्हेरायटी चौकाच्या सिग्नलवर नाही. दुपारी सिग्नल लांब असेल तर गाडी बंद करावी. ऑइल कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं टाकावं. बुलेट-क्लासिकला १५ डब्ल्यू ५० सांगितलं असताना ‘गाडी हलकी पळते’ म्हणून पातळ ऑइल टाकणं आपल्या हवेत तरी अंगाशी येतं.

रस्त्यांनीही खूप शिकवलं. मनसर, देवलापार, खवासा हा आजचा पेंचमधला सुरेख चारपदरी रस्ता, खाली प्राण्यांसाठी भुयारी वाटा आणि वर सरळ डांबर-काँक्रीट. पण खवासा ते शिवनी हा पट्टा कित्येक वर्षं खड्ड्यांचा होता. रिम वाकायची, स्पोक तुटायचे, फोर्कच्या ऑइल सील गळायच्या. तेव्हाच्या स्वारांना दौऱ्याआधी प्रत्येक स्पोक पान्याने हलकेच वाजवून पाहायची सवय लागली. ढिला स्पोक बद्द आवाज देतो. स्पोकच्या चाकाची गाडी असेल तर ही तपासणी आजही करावी, दोन मिनिटांचं काम आहे.

आता अ‍ॅक्सेसरी. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान केलं ते वजनाने. जाड लोखंडी स्टँड, त्यावर जड पेट्या, आणि सगळ्यात जड वस्तू टॉप बॉक्समध्ये. मागच्या चाकाच्याही मागे आणि उंचावर वजन गेलं की पुढचं चाक हलकं होतं आणि ऐंशीच्या पुढे हँडल डुलायला लागतं. पाणी, हत्यारं, कुलूप असल्या जड वस्तू खाली आणि स्वाराजवळ ठेवाव्यात. टॉप बॉक्स रेनकोट आणि जॅकेटपुरता. जास्तीच्या पेट्रोलचा डबा नागपूर-जबलपूर रस्त्यावर कशाला हवा? मेळघाटात शिरण्याआधी परतवाड्याला टाकी भरली की भागतं. पेट्या बसवताना साडीगार्ड काढून टाकतात, तेही करू नये. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून नियमानेच ते सक्तीचं आहे.

दुसरं नुकसान वायरिंगचं. हेडलाइटची वायर कापून जादा लाइट जोडले की ती बारीक वायर तापते, स्विच वितळतो, आणि मग अंधारात घाटात सगळंच बंद. लाइट लावायचेच तर बॅटरीपासून वेगळी वायर, फ्यूज आणि रिले हवेतच. मोबाइलचा चार्जरही चावी बंद झाल्यावर बंद होईल असा जोडावा, नाहीतर तिसऱ्या दिवशी बॅटरी बसते. लाइटचा झोत खाली ठेवा. समोरच्या ट्रकवाल्याचे डोळे दिपले तर धोका तुम्हालाच आहे.

जुनं ते सोनं असं मी म्हणणार नाही. ट्यूबलेस टायर, सुया-दोरीचं पंक्चर किट आणि बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर ही या काळाची खरी देणगी आहे. टॉम्यांनी टायर उलटवून घाम गाळायचे दिवस त्यामुळे गेले. एबीएसने जीव वाचवले. जाळीचं रायडिंग जॅकेट एप्रिलमध्येही घालता येतं, आणि पैसे मोजकेच असतील तर ते पेटीआधी घ्यावं. रस्ता मात्र जुनाच: समृद्धी महामार्गावर दुचाकीला मनाईच आहे, त्यामुळे मुंबईकडे जाणाऱ्या आपल्या मोटारसायकली आजही अमरावती-अकोल्यावरून जातात. तिथे वर्दळीतच गाडी चालवायची आहे, म्हणून चांगला हॉर्न आणि दोन्ही आरसे शाबूत हवेत.

या हिवाळ्यात दौरा ठरला असेल, तर गाडी निघायच्या आदल्या दिवशी मिस्त्रीकडे टाकू नका. पंधरा दिवस आधी टाका आणि काम होईस्तोवर शेजारी उभे राहा. नवे ब्रेकशू किंवा पॅड शे-दोनशे किलोमीटर शहरात चालून नीट बसले, की मगच सिलेवानीच्या उतारावर पूर्ण पकड देतात.