अळंबीचा फोटो काढून ॲपला विचारताय? आधी हे वाचा!

पाऊस सुरू झाला की सोसायटीच्या लॉनवर, बांधावर, माळावर अळंब्या दिसू लागतात. हल्ली पुढची स्टेप ठरलेली असते: फोटो काढायचा, ॲपमध्ये टाकायचा, नाव बघायचं. फुलझाडांसाठी हे मस्त आहे. पण खायची अळंबी अशी ओळखायला गेलात, तर जिवावर बेतू शकतं. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे, त्यामुळे ॲप नेमकं कुठे गंडतं ते सोप्या भाषेत सांगतो.

एक उदाहरण घेऊ

क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस नावाची एक विषारी अळंबी आहे. भारतातही पावसाळ्यात गवतावर ती उगवते. मोठी पांढरी छत्री, मध्यभागी तपकिरी खवले, दांड्यावर अंगठीसारखं कडं. युरोपात आवडीने खाल्ली जाणारी 'पॅरासोल' अळंबी जवळजवळ अशीच दिसते. म्हणूनच अमेरिकेत अळंबीच्या विषबाधेचं हे एक नेहमीचं कारण आहे.

फरक कुठे आहे? छत्रीच्या खाली पुस्तकाच्या पानांसारखे पातळ पडदे असतात, त्यांना गिल्स म्हणतात. या विषारी अळंबीचे बीजाणू हिरवट असतात. ते पिकले की गिल्सही हिरवट दिसतात. पण अळंबी कोवळी असताना गिल्स पांढऱ्याच असतात! म्हणजे ओळखीची मुख्य खूण तेव्हा फोटोत नसतेच.

ॲप कुठे गंडतं?

१. फोटोत नसलेलं ॲपला कळत नाही. बीजाणूंचा रंग, वास, कापल्यावर बदलणारा रंग, मातीत दडलेलं बूड, हे सगळं वरून काढलेल्या फोटोत येत नाही.

२. '९२ टक्के' म्हणजे ९२ टक्के सुरक्षित नव्हे. बरीच मॉडेल्स आपल्याला शिकवलेल्या नावांमध्येच १०० टक्के वाटून टाकतात. तुमच्या समोरची अळंबी त्या यादीत नसेल, तरी कुठल्यातरी नावाला मोठा आकडा मिळू शकतो. तो आकडा साम्याचा असतो, विषाचा नाही.

बीजाणूंचा ठसा

ही टेस्ट घरी करता येते. पिकलेल्या अळंबीची छत्री कापा, गिल्स खाली करून पांढऱ्या कागदावर ठेवा, वर वाटी पालथी घाला आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी कागदावर बीजाणूंचा ठसा उमटलेला दिसेल. ठसा पांढरा असेल तर पांढऱ्या कागदावर दिसणार नाही, म्हणून अर्धी छत्री काळ्या कागदावर ठेवा. ती वाटी आणि हात नंतर साबणाने धुवा.

ठसा हिरवट आला, तर विषय संपला. फेकून द्या.

मग हिरवा नसेल तर खायची?

नाही! सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. 'डेथ कॅप' ही जगातली सर्वांत घातक अळंब्यांपैकी एक, आणि तिचा ठसा पांढरा येतो. ही टेस्ट फक्त 'नको' म्हणू शकते, 'खा' कधीच म्हणत नाही. डेथ कॅपचं विष उकळून, तळून जात नाही. चांदीचा चमचा काळा पडतो, किड्यांनी खाल्लेली चालते, या गोष्टीही खोट्या आहेत.

चुकून खाल्ली तर?

क्लोरोफायलममुळे साधारण १ ते ३ तासांत उलट्या, जुलाब, पोटात कळा सुरू होतात. डेथ कॅपची लक्षणं मात्र बहुतेक वेळा ६ तासांनंतर दिसतात. मग मध्येच बरं वाटतं आणि आतून लिव्हर निकामी होत जातं. त्यामुळे 'उलटी थांबली, आता ठीक आहे' असं म्हणून घरी बसू नका. लक्षणांची वाटही बघू नका. १०८ किंवा ११२ ला फोन करा आणि उरलेली अळंबी किंवा तिचा फोटो डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या.

मग फोन कशासाठी?

शिकण्यासाठी! छत्री, गिल्स, कडं, बुडासकट उपटलेला दांडा आणि ठसा असे पाच फोटो काढून आयनॅचरलिस्टवर टाका. जाणकार लोक नाव सुचवतील, तुमची नजर तयार होईल. ताटात मात्र बाजारातली लागवडीचीच अळंबी येऊ द्या. गावाकडे रानातली अळंबी आणणारी अनुभवी माणसं असतील, तर त्यांच्यासोबत रानात जा आणि ती काय काय सोडून देतात ते बघा.

हा लेख घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नक्की शेअर करा. पावसाळ्यात कोणाच्या तरी कामी येईल.